रंगाखालची टोपली

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा चित्रकार योहानेस व्हर्मीर घरजावई होता. चित्रकलेवरच्या पुस्तकांत ही गोष्ट तळटिपेत असते. मला मात्र त्याच्याबद्दल सगळ्यात आधी हीच सांगावीशी वाटते. १६५३ मध्ये कातारिना बोल्नेसशी त्याचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने, मारिया थिन्सने, संमतीच्या कागदावर सही करायला नकार दिला. आडवी येणार नाही, पण सहीही करणार नाही, असा बाईंचा पवित्रा. पुढे काही वर्षांत जावई, मुलगी आणि त्यांची पोरंबाळं त्याच सासूबाईंच्या घरी राहायला आली आणि व्हर्मीरचं उरलेलं आयुष्य तिथेच गेलं. कातारिनाला १५ मुलं झाली. चार तान्हेपणीच गेली. १६७५ च्या डिसेंबरात, ४३ व्या वर्षी तो वारला तेव्हा मागे ११ मुलं होती, त्यातली बहुतेक अजून सज्ञान न झालेली.

आता त्याची चित्रं आठवून बघा. एक खोली, बहुतेकदा डावीकडे खिडकी, आणि त्या उजेडात कुणी एकटी बाई. पत्र वाचणारी, तराजू धरलेली, दूध ओतणारी. या घरांत कुणी रडत नाही, कुणी हाका मारत नाही, कुणाचा पाय कशाला अडखळत नाही. त्याच्या नावावर असलेल्या सुमारे ३७ चित्रांत लहान मूल शोधायला गेलं तर डेल्फ्टमधल्या एका गल्लीच्या चित्रात दोन पोरं घरासमोर ओणवी होऊन खेळताना सापडतात, तीही आपल्याला तोंड न दाखवता. घराच्या आतल्या चित्रांत एकही नाही. ११ पोरांच्या घरात राहून हा माणूस रिकाम्या भिंती रंगवत होता.

मी कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे हे गणित मला फार जवळचं आहे. मुलाखतीत मला हमखास विचारतात, ‘घरसंसार सांभाळून लेखनाला वेळ कसा काढता?’ माझ्याच पिढीतल्या पुरुष कादंबरीकारांना त्याच व्यासपीठावर विचारतात, ‘तुमची प्रेरणा काय?’ या भेदावर चिडायचं मी केव्हाच सोडून दिलंय. चिडून उत्तर द्यायला गेलं की मुलाखतीतला वेळ फुकट जातो. पण त्या प्रश्नामागे एक समजूत असते आणि ती मात्र खोडून काढावीशी वाटते. लेखकाला शांतता मिळाली की ती तो पुस्तकात उतरवतो, अशी ती समजूत. माझा अनुभव असा की शांतता मिळत नसते, ती बनवावी लागते, आणि तीही एक एक वस्तू उचलून बाहेर ठेवत.

दूध ओतणारी बाई मी अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पाहिली. चित्र अपेक्षेपेक्षा कितीतरी लहान निघालं, उंची जेमतेम ४५ सेंटिमीटर. समोर गर्दी होती आणि सगळ्यांचे फोन त्या बाईच्या निळ्या एप्रनवर आणि दुधाच्या धारेवर रोखलेले. मी बाजूला सरकून भिंत बघत बसले, कारण तिच्यासमोर कुणी उभं नव्हतं. ती भिंत पांढरी नाहीच. खिडकीपाशी ती राखाडी आहे, बाईच्या पाठीमागे उजळत जाते, गिलावा जागोजागी उखडलाय, पूर्वी ठोकलेल्या खिळ्यांची भोकं तशीच आहेत. आणि वर, बाईच्या डोक्याच्याही वर, एक खिळा. त्याला काहीही टांगलेलं नाही. त्याची छोटीशी सावली मात्र अगदी मन लावून काढलेली.

२०२२ मध्ये संग्रहालयाच्या संशोधकांनी या चित्राखाली काय दडलंय ते जाहीर केलं. बाईच्या डोक्यामागे आधी भांडी टांगायची एक फळी होती. काळ्या रंगाच्या जाड फटकाऱ्यांनी घाईघाईत काढलेली. आणि उजवीकडे खाली, जिथे आज पाय शेकायची लाकडी पेटी दिसते, तिथे एक टोपली होती. वाळुंजाच्या फोकांची विणलेली, आत निखाऱ्यांचं भांडं ठेवायची. तान्ह्या बाळाला ऊब द्यायला आणि लंगोट वाळवायला त्या काळी अशी टोपली वापरत. ही दोन्ही व्हर्मीरने स्वतःच्या हाताने पुसली.

हे वाचून मी मोठ्याने हसले. चित्र साधारण १६६० च्या आसपासचं. लग्नाला सहा-सात वर्षं झालेली, म्हणजे घरात त्या टोपलीला उसंत नसणार. जी वस्तू उठता-बसता पायात येत असेल ती सहजच कॅनव्हासवरही आली, आणि मग कुठल्याशा सकाळी त्याने ठरवलं की ही इथे नको. लंगोटांची टोपली गेली. खिळा राहिला.

कादंबरीत नेमकं हेच करावं लागतं आणि ते फार उशिरा कळतं. माझ्या मागच्या कादंबरीतल्या नायिकेला एक धाकटी बहीण होती. बरेच खर्डे होईपर्यंत होती. तोंडाळ, विनोदी, घरात आली की घर हलवून सोडणारी. ज्यांनी खर्डा वाचला त्यांना तीच आवडायची. पण ती खोलीत आली की नायिका गप्प व्हायची. तिला बोलायची गरजच उरायची नाही, कारण तिच्या वाटचं सगळं बहीण बोलून टाकायची. शेवटी मी बहिणीला काढलं. डिलीट करत नाही मी. ‘अडगळ’ नावाचं एक फोल्डर आहे, त्यात टाकते. तिथे आता बऱ्यापैकी वस्ती झाली आहे.

बहीण गेली तरी तिची जागा जाईना. नायिका भांडता भांडता मधेच थांबायची, जणू आता दुसरं कुणीतरी तोंड घालेल. बाजारातून आणलेल्या वस्तू दोन-दोन असायच्या. ‘आम्ही लहान असताना’ असं ती म्हणायची, आणि त्या ‘आम्ही’त कोण हे कादंबरीत कुठेच नव्हतं. यातलं बरंचसं मी दुरुस्त केलं. काही जाणूनबुजून सोडून दिलं. नवऱ्याने छापण्याआधीचा खर्डा वाचला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, ‘हिला भावंडं नाहीत का गं?’ नाहीत, म्हटलं. तो म्हणाला, ‘वाटत नाही तसं.’ समीक्षा म्हणून मला मिळालेली ही उत्तम ओळ, आणि ती कुठेही छापून आलेली नाही.

रवींद्रनाथ टागोरांची चित्रकला अशाच खोडाखोडीतून सुरू झाली, हे मला नेहमी दिलासा देतं. हस्तलिखितात खोडलेले शब्द नुसते खोडलेले राहू नयेत म्हणून ते त्या खुणा एकमेकींना जोडायचे आणि त्यातून चोची, शेपट्या, कधीच अस्तित्वात नसलेले प्राणी उगवायचे. त्यांचं पहिलं प्रदर्शन १९३० मध्ये पॅरिसला झालं तेव्हा त्यांचं वय सत्तरीला टेकलं होतं.

मीही ब्रश हातात घेतला तो उशिराच, आणि घेतला तो जलरंगांचा. कारण सोयीचं होतं: स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडता येतात आणि कुणी हाक मारली तर उठता येतं. निदान मला तेव्हा तसं वाटलं होतं. प्रत्यक्षात जलरंगांइतकं उठू न देणारं दुसरं काही नाही. कागदावर ओला रंग पसरला की त्यावर एक चकाकी असते. ती चकाकी जाऊन कागद नुसता दमट राहतो, तो काळ सगळ्यात धोक्याचा. तेव्हा पाण्याने भरलेला ब्रश टेकवला की ते पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला ढकलत नेतं आणि कोबीफ्लॉवरसारख्या कडा असलेला डाग उमटतो. तो पुसता येत नाही, झाकताही येत नाही. त्याला ढग म्हणायचं आणि पुढे जायचं.

ज्यांच्याकडे मी शिकले त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या पेटीतली पांढऱ्या रंगाची ट्यूब काढून घेतली. जलरंगात पांढरं म्हणजे कागद. जिथे उजेड हवा तिथे ब्रश न्यायचाच नाही, आणि हे सुरू करण्याआधी ठरवायचं. माझ्या सगळ्या सवयींच्या हे उलट होतं. कादंबरीत मी आधी खोली सामानाने भरून टाकते आणि मग एकेक उचलून बाहेर काढते. इथे आधीच रिकामं सोडायचं आणि ते रिकामं शेवटपर्यंत राखायचं. तैलरंगात टोपली रंगवून नंतर तिच्यावर फरशी आणि भिंत चढवता येते. जलरंगात एकदा टोपली आली की आली.

निळ्या रंगाचं मला वेड आहे, विशेषतः अल्ट्रामरीनचं. तो कागदावर टाकून पाट जरासा कलता धरला की पाणी निघून जातं आणि रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. वाळल्यावर जवळून पाहिलं तर सपाट निळं नसतंच, दाणेदार असतं. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून येणाऱ्या लाजवर्द या निळ्या दगडापासून करत, आणि युरोपातल्या चित्रकाराला तो महागड्या रंगांतला एक होता. १८२० च्या दशकात तो कृत्रिमरीत्या बनू लागला आणि माझ्यासारखीच्या पेटीत आला. व्हर्मीरने तो नुसत्या निळ्या कपड्यांत वापरला नाही, सावल्यांतही वापरला, जिथे तो निळा म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. घरात ११ पोरं आणि सावलीत अल्ट्रामरीन! मारिया थिन्सबाईंना हे कळलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, यावर एक अख्खं प्रकरण लिहिता येईल.

चित्रकलेने माझं लेखन सुधारलं का, हाही ठरलेला प्रश्न. माझं उत्तर लोकांना आवडत नाही. ब्रश हाती घेण्याआधी मी संध्याकाळची वर्णनं पानपानभर लिहायचे. मग एकदा खरोखर संध्याकाळ रंगवायला बसले, आणि तांबड्या रंगातून निळ्यात जाताना मधे चिखल न होऊ देण्यासाठी काय काय करावं लागतं ते कळलं. तेव्हापासून माझ्या कादंबऱ्यांत ‘संध्याकाळ झाली’ एवढंच असतं.

प्रवासात मात्र चित्र कामाला येतं, पण ज्यासाठी लोक म्हणतात त्यासाठी नाही. स्केच काढायला बसलं की एका जागी अर्धा-पाऊण तास हलता येत नाही, एवढाच त्याचा उपयोग. फोटो काढला की माणूस निघतो. बसून राहिलं की आपण त्या जागेत जुने होतो. लोक आपल्याला वळसा घालून आपापली भांडणं पुढे चालू ठेवतात, आणि कादंबरीकाराला भांडणंच हवी असतात, भाषा कळली नाही तरी. हात कसे हलतात, कोण आधी उठतं, पिशवी कोण उचलतं, हे कुठल्याही भाषेत कळतं. इंग्रज निसर्गचित्रकार टर्नर प्रवासात बहुतेक पेन्सिलच चालवायचा, रंग नंतर. त्याच्या सुमारे ३०० स्केचबुकांचा ठेवा लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातल्या कितीतरी पानांवर चार-सहा रेघाच आहेत. त्या रेघांवरून पुढे तो वादळ उभं करू शकायचा. माझ्या रेघांवरून मला पुढे काय काढलं होतं तेही ओळखता येत नाही.

डेल्फ्टला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. सासूबाईंचं ते घर, म्हणजे मारिया थिन्सचं, आता अस्तित्वात नाही, हे ठाऊक असूनही मी सगळ्यांना त्या रस्त्याने चालवत नेलं. नवरा सोशीक आहे, मुलं तशी नाहीत. मग कालव्याकाठी बसून मी जुन्या चर्चचा मनोरा काढायला घेतला. याच चर्चमध्ये व्हर्मीरला पुरलं आहे. ७५ मीटर उंच मनोरा आणि वरपर्यंत पोचेतो दोनेक मीटर कललेला. बांधत असतानाच खालची जमीन खचायला लागली म्हणून तसा झालेला. मी तो कल मोठ्या निगुतीने काढला. मुलगा मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, ‘आई, तुझी सगळीच घरं वाकडी असतात. मग हा मनोरा खरा वाकडा आहे हे लोकांना कळणार कसं?’

मी आजूबाजूची घरं पट्टीसारखी सरळ करायला घेतली. तोवर धाकटीला तहान लागली, नवऱ्याला पुढच्या गाडीची काळजी लागली आणि ते चित्र तिथेच राहिलं. एकटीने केलेल्या प्रवासांच्या माझ्याकडे वह्याच्या वह्या आहेत, नीट तारखा घातलेल्या. त्यातलं फारसं काही कधी कादंबरीत आलं नाही. घरच्यांबरोबर फिरताना एक ओळही लिहून होत नाही, कारण डोकं बॅगा मोजण्यात असतं, आणि तरी तोच मुलगा तेच वाक्य घेऊन कुठल्यातरी वेगळ्याच पुस्तकात, वेगळ्या नावाने, येऊन उभा राहतो.

रिकाम्या भिंतीची आणखी एक हकिकत आहे आणि ती मला जरा बोचते. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला व्हर्मीरचं एक चित्र आहे, उघड्या खिडकीपाशी पत्र वाचणाऱ्या मुलीचं. तिच्यामागे मोठी मोकळी भिंत. त्या भिंतीतच व्हर्मीरचं सगळं मौन आहे, असं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलं. १९७९ मध्ये क्ष-किरणांत दिसलं की भिंतीखाली एक भलामोठा क्यूपिड, म्हणजे रोमन लोकांचा मदन, आहे. चित्रकारानेच नंतर झाकला असेल, असं सगळे धरून चालले. मग जीर्णोद्धाराच्या वेळी तपासणी झाली तेव्हा क्यूपिड आणि वरचा रंग यांच्यामध्ये वार्निशचा थर आणि त्यावर साचलेला मळ सापडला. म्हणजे चित्र पुरं होऊन कित्येक वर्षं टांगलेलं राहिल्यावर, व्हर्मीर गेल्यानंतर, दुसऱ्याच कुणीतरी ती भिंत कोरी केली होती. वरचा रंग खरवडून २०२१ मध्ये चित्र क्यूपिडसकट लोकांसमोर आलं. खरं सांगू? मला कोरी भिंतच आवडायची. चित्रकाराचा क्यूपिड त्याला परत मिळाला हे न्यायाचं झालं, पण ते चित्र आता जरा जास्तच समजावून सांगतं.

माझ्या एका कादंबरीचा शेवट वाचकांना फार भावला. किती संयत शेवट, अशी पत्रं येतात. तो माझ्या संपादकांनी केला आहे. त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद काढले, नवीन एक शब्दही घातला नाही. मी ते कौतुक मान खाली घालून स्वीकारते. मान खाली घातली की विनय दिसतो.

पण भिंत कोरी करणारे हात फक्त चित्रकाराचे आणि संपादकाचे नसतात. व्हर्मीर गेल्यावर घरातल्या सामानाची यादी झाली. समोरच्या बाजूच्या वरच्या खोलीत दोन इझल, तीन पॅलेट, दहा कॅनव्हास होते. त्या खोलीचं दार बंद राहावं म्हणून खाली कुणीतरी ११ जणांना आवरत होतं, त्यांना खाऊ घालत होतं, आणि उधारीवरही घर चालवत होतं. बेकरीवाल्याचं देणं सहाशे गिल्डरच्या वर गेलं होतं. कातारिनाने त्याच्याकडे दोन चित्रं ठेवली. नंतर तिने जो अर्ज केला त्यात लिहिलंय की लढाईमुळे चित्रांचा धंदा बसला, पोरांचा भार, जवळ पैसा नाही, हे सगळं नवऱ्याने इतकं मनाला लावून घेतलं की दीड दिवसात धडधाकट माणूस मरून गेला. व्हर्मीरच्या हातचं एकही पत्र उरलेलं नाही. त्या घराचा आवाज जो काही ऐकू येतो तो कातारिनाच्या या कागदातून.

माझ्या बाबतीत कातारिना आणि मारिया थिन्स या दोन्ही भूमिका बरीच वर्षं सासूबाईंनी एकटीने निभावल्या. मुलं लहान होती, पहिली कादंबरी लिहून होत होती, आणि माझ्या खोलीचं दार वाजायचं नाही. का वाजत नाही, असा प्रश्नही मला तेव्हा पडला नाही. पुढे एक पुस्तक त्यांना अर्पण केलं. अर्पणपत्रिकेचं पान मी हौसेने उघडून दाखवलं. मधोमध एक ओळ, बाकी सगळं कोरं. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, पान उलटून मागची बाजू पाहिली, तीही कोरीच. म्हणाल्या, ‘एका ओळीसाठी अख्खा कागद घालवलात?’

नातेवाइकांचं एक बरं असतं. ते पुस्तकात स्वतःला शोधतात आणि हमखास चुकीच्या जागी सापडतात. आमच्या आत्याबाईंना एका कजाग पात्रात स्वतःची सही-सही नक्कल दिसली आणि त्या वर्षभर बोलत नव्हत्या. ते पात्र मी पूर्णपणे मनाने रचलेलं. त्यांची खरी लकब, बोलता बोलता समोरच्याच्या बाहीवरचा नसलेला धागा काढायची, मी दुसऱ्याच एका प्रेमळ म्हाताऱ्या गृहस्थाला दिली आहे. ते गृहस्थ त्यांना फार आवडतात.

मुलांना फसवता येत नाही. धाकटीने लहानपणीच पद्धत पाडली होती: काहीही सांगायच्या आधी म्हणायची, ‘हे लिहायचं नाही हं.’ पुढे त्यात प्रतवारी आली. लिहायचं नाही, नाव बदलून चालेल, आपल्या गावाबाहेरचं दाखवून चालेल. मीही ते कसोशीने पाळत आले. पण ताज्या कादंबरीतली मुलगी एका ठिकाणी आईला म्हणते, ‘तू ऐकत नाहीयेस, तू पाठ करतेयस.’ पुस्तक पोचल्यावर दोन दिवसांत धाकटीचा फोन आला.

‘ती ओळ माझी आहे.’

‘हो.’

‘मी भांडताना म्हटलं होतं ते.’

‘लिहू नकोस असं नव्हतीस म्हणाली.’

‘भांडताना कुणी अटी घालतं का, आई?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ती व्यवहारावर आली. त्या ओळीपुरता मानधनात हिस्सा हवा, म्हणाली. म्हटलं, देते की, आधी प्रकाशकांकडून हिशेब येऊ दे.

‘कधी येतो?’

‘हे मात्र,’ मी म्हटलं, ‘कुणाला सांगायचं नाही हं.’